शाळेनंतर आणखी एक शाळा नको

महापालिकेच्या शाळा बऱ्याच ठिकाणी दोन सत्रांत भरतात. सकाळच्या सत्रातलं मूल साडेबाराच्या सुमारास सुटतं. दुपारच्या सत्रातलं त्याच वेळेला आत जातं आणि सहाच्या आसपास बाहेर पडतं. म्हणजे एकाची अख्खी दुपार मोकळी, दुसऱ्याची अख्खी सकाळ. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहानांच्या झोपेसाठी हे बरंच झालं. पण साडेसातला कामावर निघणाऱ्या आईपुढे त्याच आदेशानं नवा दीड तास उभा केला, आणि तो कुणी सांभाळायचा हे त्यात लिहिलेलं नाही.

कायद्यांची गोळाबेरीज केली तर सहाव्या वाढदिवसानंतर मूल कुणाच्याच खात्यात बसत नाही. अंगणवाडी १९७५ पासून आहे, ती सहा वर्षांपर्यंत. केंद्र सरकारच्या पाळणाघर योजनेतही सहा महिने ते सहा वर्षं हाच वयोगट. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, तीही व्यवहारात तान्ह्या आणि बालवाडीच्या मुलांपुरतीच उरते. त्यानंतर शिक्षणहक्क कायदा. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास. भागाकार केला तर दिवसाला चार तास. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास, म्हणजे साडेचार तासांच्या जवळपास. घरकाम करणारी, बांधकामावर जाणारी किंवा दुकानात उभी राहणारी आई चार तासांत परत येत नाही. उरलेले तास मोठी बहीण सांभाळते, नाहीतर मोबाइल.

जर्मनीनं २०२१ मध्ये कायदा करून प्राथमिक शाळेच्या मुलांना पूर्ण दिवसाच्या सांभाळाचा हक्क दिला. २०२६-२७ पासून पहिलीला आणि मग दरवर्षी एकेक इयत्ता वाढवत चौथीपर्यंत तो लागू व्हायचा आहे. जपानमध्ये शाळेनंतर मुलं सांभाळणाऱ्या केंद्रांसाठी राष्ट्रीय निकष आहेत: साधारण चाळीस मुलांचा एक गट, मुलामागे १.६५ चौरस मीटर जागा. आपल्याकडे एवढंही कुठे लिहिलेलं नाही. तेव्हा पहिली मागणी सरळ आहे. शाळेनंतरचा सांभाळ हे महापालिकेचं आणि नगरपालिकेचं काम मानलं जावं, आणि ते शाळेच्याच इमारतीत व्हावं.

पण यापुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. अशी केंद्रं जिथे सुरू होतात तिथे त्यांचं नियोजन बहुतेक वेळा शाळेचं वेळापत्रक समोर ठेवून होतं. पहिला तास गणित, दुसरा इंग्रजी, तिसरा ‘संस्कार’. वस्तीतल्या वर्गात हे फळ्यावर दिसतं आणि उच्चभ्रू सोसायटीतल्या डे-केअरमध्ये छापील रंगीत पत्रकावर: सोमवारी अबॅकस, मंगळवारी फोनिक्स, बुधवारी रोबोटिक्स, गुरुवारी श्लोक. पहिल्या मुलाकडे बघायला कुणी नाही म्हणून त्याला परत वर्गात बसवायचं, दुसऱ्याचे पैसे भरलेत म्हणून त्याचा एकही अर्धा तास मोकळा सोडायचा नाही. दोन्हीकडे गृहीत धरलेलं एकच, की मूल दुपारी एक वाजताही सकाळी आठइतकंच ताजं असतं.

ते तसं नसतं. म्हणून कार्यक्रम भुकेपासून आखायला लागतो.

सकाळच्या सत्रातल्या मुलानं मधल्या सुट्टीत खिचडी खाल्लेली असते. शालेय पोषण आहाराचं प्रमाण पहिली ते पाचवीसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, धान्य १०० ग्रॅम. हे मधल्या सुट्टीचं जेवण, त्यावर संध्याकाळ काढता येत नाही. एक वाजता केंद्रात आलेलं मूल भुकेलेलं असतं आणि भुकेलं मूल भांडतं. केंद्रातली निम्मी भांडणं पहिल्या वीस मिनिटांत होतात ती याचमुळे. तेव्हा आल्याबरोबर हजेरी, हात धुणं आणि खाऊ, याच क्रमानं. २५ मुलांसाठी पाऊण किलो हरभरे आदल्या रात्री भिजत घातले तर सकाळी ते फुगून दीड किलोच्या आसपास होतात. उकडून, कांदा-लिंबू घालून वाटीभर प्रत्येकी पुरतात. एक दिवस मटकी, एक दिवस केळं आणि शेंगदाण्याची चिक्की, एक दिवस पोह्यांचा चिवडा. बिस्किटाचे पुडे वाटणं सोपं असतं, म्हणून महिन्याभरात सगळी केंद्रं बिस्किटांवर येतात. ते टाळायचं तर आठवड्याचा खाऊ भिंतीवर लिहून ठेवावा. मुलंच विचारतात, आज मटकी का नाही म्हणून. सोबत धाकटं भावंड येत असेल तर चार वर्षांखालच्याला आखे शेंगदाणे आणि फुटाणे देऊ नयेत, घशात अडकतात.

खाऊनंतर वीस मिनिटं काहीच नाही. सतरंज्या घालाव्यात, पंखा लावावा. ज्याला लवंडायचं त्यानं लवंडावं, ज्याला चित्रांची पुस्तकं चाळायची त्यानं चाळावीत. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला ही वीस मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात आणि तो विचारतो, ‘आत्ता कोणता उपक्रम चालू आहे?’ या प्रश्नाच्या धास्तीनं केंद्र सांभाळणाऱ्या बऱ्याच ताया विश्रांतीची वेळ कागदावरून उडवतात. तसं करू नये. वेळापत्रकात ‘विश्रांती, २० मिनिटं’ असं स्पष्ट छापावं, म्हणजे ताईला बचाव करावा लागत नाही.

मग खेळ, अर्धा तास. एप्रिलमध्ये दुपारी दीडला मैदानावर मुलं सोडता येत नाहीत आणि मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर मैदान चिखलात असतं. म्हणजे वर्षातले निम्मे दिवस खेळ छताखालीच होणार. कॅरमचे दोन बोर्ड, सापशिडी, पत्ते, दोऱ्या, सागरगोटे, काचापाणी, व्हरांड्यात लंगडी. लगोरी आणि आबाधुबी हिवाळ्यासाठी राखून ठेवाव्यात. खेळात ताईनं पंच व्हायचं नाही. नियम मुलांनी ठरवायचे, भांडण मिटलं नाही तर खेळ बंद, एवढाच तिचा अधिकार.

गृहपाठ यानंतर. अर्धा तास, घड्याळ लावून. तिसरीच्या मुलाचा गृहपाठ तीस मिनिटांत संपत नसेल तर बहुतेक वेळा तो धडा उतरवून काढण्याचा असतो. उतरवण्यात केंद्राचे दोन तास घालवणं म्हणजे शाळेच्या चुकीचं बिल केंद्रानं भरणं. राहिलेल्या गृहपाठाखाली ताईनं तारीख घालून ‘३० मिनिटं केलं’ असं लिहावं आणि वर्गशिक्षिकेशी आधीच बोलून ठेवावं. हे बोलणं झालं नाही तर मुलाला दुसऱ्या दिवशी मार बसतो किंवा उभं राहावं लागतं, आणि आठवड्याभरात पालक केंद्राबद्दल तक्रार करतात. शिक्षकांनीच हे केंद्र चालवावं अशी सूचना हमखास येते. ती स्वीकारू नये. शिक्षणहक्क कायद्याचं २८ वं कलम शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई करतं. केंद्र ही खासगी शिकवणी नव्हे हे खरं, पण त्याच शिक्षकाला त्याच मुलांसमोर सलग आठ तास उभं केलं की दोघांनाही एकमेकांचा वीट येतो.

दुपारच्या सत्रातल्या मुलांसाठी मात्र हा क्रम उलटा. ती सकाळी नऊला ताजी येतात. वाचन, गणित आधी, मग हातानं करायचं काम, मग खेळ, शेवटी जेवण आणि शाळा. एकच वेळापत्रक दोन्ही सत्रांना लावणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक, कारण वरच्या कार्यालयात एकच तक्ता तयार होतो आणि सगळ्या शाळांना पाठवला जातो.

आता शिक्षणाचं. खाऊ, विश्रांती, खेळ आणि गृहपाठ वजा केल्यावर अडीच-पावणेतीन तासांच्या केंद्रात साधारण एक तास उरतो, आणि हा तास अभ्यासक्रमाला द्यायचा नाही. त्यातली वीस मिनिटं वाचनाची, रोज, न चुकता. ‘असर’ या शिक्षण-पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतली पाचवीची जेमतेम ४४.८ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. उरलेल्यांपुढे पाचवीचं पुस्तक ठेवून काय होणार? म्हणून गट इयत्तेनुसार न करता वाचनाच्या पातळीनुसार करायचे. प्रथम संस्थेनं रूढ केलेली चाचणी हाताशी आहेच: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. एकेका मुलाला बाजूला बोलावून तीन मिनिटं लागतात, २५ मुलांना सव्वा तास. एका दिवसात उरकायला जाऊ नये, शेवटची मुलं कंटाळून खोटं अडखळतात. तीन दिवसांत करावी आणि दर आठ आठवड्यांनी पुन्हा.

चाचणी घेताना नुसती पातळी लिहून उपयोग नाही, चूक कुठे झाली तेही लिहावं. मराठी वाचनात अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्या शिरोरेषेच्या बारकाव्यामुळे गळ्यात गळे घालतात. मग ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी. आणि मग ‘र’चे अवतार: ‘सूर्य’मधला रफार, ‘चक्र’मधली तिरकी रेघ, ‘ट्रक’मधली खालची खूण, ‘दऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा. ‘शब्द’ पातळीवर वर्षभर अडकलेली मुलं बहुधा या चौघांपाशी थांबलेली असतात, आणि त्यांना पुन्हा बाराखडी घोकायला लावली जाते. त्याऐवजी रोज एकाच अवताराचे पाच शब्द, मुलांनी वस्तीत वाचलेल्या पाट्यांवरून आणलेले. ‘सर्व्हिसिंग’, ‘ड्रायक्लीनर्स’, ‘प्रवेश बंद’, ‘दुर्गा प्रसन्न’. पाट्यांवर शुद्धलेखनाच्या चुका असतात, त्या शोधणं हा मोठ्या मुलांचा आवडता उद्योग होतो.

घरी मराठी न बोलणाऱ्या मुलांचं प्रमाण पुण्या-मुंबईच्या बांधकाम वस्त्यांत मोठं असतं. कन्नड, तेलुगू, हिंदी, बंजाऱ्यांची गोरबोली. या मुलाला ‘अप्रगत’ ठरवण्याआधी दोन महिने फक्त ऐकू द्यावं. रोज दहा मिनिटं ताईनं मोठ्यानं गोष्ट वाचायची, चित्रं दाखवत. यात कुणाला प्रश्न विचारायचे नाहीत. ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो’ हा प्रश्न तर कायमचा हद्दपार करावा.

पुस्तकं शंभर लागतात, २५ मुलांच्या एका गटाला. चाळीस पुस्तकं पानावर एक-दोन ओळी असलेली, चाळीस लहान परिच्छेदांची, वीस सलग गोष्टींची. कपाटात ठेवली की संपली. दोरी बांधून त्यावर लटकवावीत, मुखपृष्ठ दिसेल अशी, मुलाचा हात पोचेल अशी. घरी न्यायला द्यावीत. वर्षात दहा-पंधरा फाटणार, हरवणार, शेळी खाणार. हे अंदाजपत्रकातच धरावं, नाहीतर ताई स्वतःच्या खिशातून भरावं लागेल या भीतीनं पुस्तकं देणं बंद करते. जिथे कपाटाला कुलूप दिसतं तिथे कुणीतरी नासधुशीची वसुली लावलेली असते.

गणितात एक अडचण मराठीची स्वतःची आहे. ‘बावन्न’ ऐकून मूल २५ लिहितं, कारण कानाला आधी दोन ऐकू येतात. ‘एकोणसाठ’ तर ६१ होऊन येतं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ असं वाचायची सोय दिली तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली. अडचण मात्र खरी होती आणि आहे. केंद्रात तिच्यावर इलाज स्वस्त आहे: आगपेटीच्या काड्या किंवा आइस्क्रीमच्या कांड्या, दहा-दहांचे गठ्ठे रबरानं बांधलेले. मुलानं आधी गठ्ठे आणि सुट्या मांडायच्या, मग लिहायचं, मग नाव उच्चारायचं. वजाबाकीत हातचा घेणं म्हणजे गठ्ठा सोडणं, हे हातानं वीसदा केलं की वहीत आपोआप जमतं. आठवड्यातले दोन दिवस, पंधरा मिनिटं. नंतर खोट्या नोटांचं दुकान. ५० ची नोट देऊन ३२ चं सामान घेतल्यावर परत किती, हे वस्तीतल्या मुलाला तोंडी येतंच, वहीत येत नाही. केंद्राचं काम त्या दोन्हींची गाठ घालून देण्याचं.

उरलेल्या वेळात उपक्रम. इथे नियोजनकर्त्यांना हुरूप येतो आणि वर्षभराचा भव्य प्रकल्प आखला जातो. तो फसतो, कारण मुलं वर्षभर टिकत नाहीत. बांधकामाचा स्लॅब टाकून झाला की कुटुंब दुसऱ्या साइटवर जातं. गणपती, दसरा-दिवाळी, परीक्षा, जत्रा, गावाकडचं लग्न. म्हणून चक्र सहा आठवड्यांचं ठेवावं. चार आठवडे नवं काही, पाचव्यात त्याचीच उजळणी मुलांनी मुलांना शिकवत, सहाव्यात वस्तीला दाखवणं. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस मोजावा: बाटली कापून केलेलं पर्जन्यमापक, रोजचा आकडा तक्त्यावर, शेवटी आलेख. यात मोजणं, लिहिणं, सरासरी सगळं येतं. पर्जन्यमापकाची बाटली तळापर्यंत सरळ बाजूंची हवी. शीतपेयाच्या बाटलीचा तळ खळग्यांचा असतो, त्यामुळे सुरुवातीचे आकडे खोटे येतात. खळगे बुडेपर्यंत खडे आणि पाणी भरून तिथे शून्याची रेघ मारली की काम होतं. दिवाळीआधी आकाशकंदील, त्यात कोन आणि घडी. जानेवारीत वस्तीचा नकाशा: सार्वजनिक नळ, दिवे, कचराकुंडी, कुत्री कुठे बसतात ते. नकाशा पूर्ण झाला की नगरसेवकाला दाखवायला न्यावा. बंद दिव्याचा खांब मुलांनी मोजून दाखवला तर उत्तर देणं जरा अवघड जातं.

साहित्याची पेटी गटामागे एक. बोथट टोकाच्या सहा कात्र्या, दोन पट्ट्या, एक मोजपट्टी, फेविकॉलचा अर्धा किलोचा डबा, तेलखडूंच्या सहा पेट्या, सुतळी, रद्दी, एक स्प्रिंगचा तराजू. २५ कात्र्या घेऊ नयेत. सहाच असल्या की वाट बघावी लागते, मागावी लागते, आणि एका मुलीच्या हातात काम असताना बाकीच्यांना दुसरं काही शोधावं लागतं.

हे सगळं आपल्याला परकं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यात मूल जिथे असेल तिथे शिक्षण न्यायचं ठरवलं तेव्हा गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. राष्ट्र सेवा दलाच्या संध्याकाळच्या शाखा आणि साने गुरुजी कथामाला यांनी खेळ, गाणं आणि गोष्ट एवढ्यावर पिढ्या घडवल्या. डोअर स्टेप स्कूलनं १९८८ मध्ये मुंबईत काम सुरू केलं आणि पुढे बसमध्येच वर्ग थाटला. पुण्यातलं गरवारे बालभवन, पणजीतलं कांपालचं बालभवन ही नावं पालकांना ठाऊक आहेत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी चालणारी हंगामी वसतिगृहं हाही खरं तर याच प्रश्नाचा ग्रामीण अवतार. अनुभव भरपूर आहे. तो संस्थांकडे आहे आणि इमारती महापालिकेकडे.

इमारतीचं दुखणं म्हणजे किल्ली. वर्गाची किल्ली शिपायाकडे, शिपायाची ड्यूटी संपलेली, मुख्याध्यापक बैठकीला. मुलं फाटकाबाहेर उभी. असं महिन्यात तीनदा झालं की आया मुलांना पाठवणं थांबवतात. दोन सत्रांच्या शाळेत वर्गही मोकळा नसतो, तेव्हा सभागृह, प्रयोगशाळा, न वापरलेलं संगणक कक्ष बघावं लागतं. ५०० चौरस फुटांच्या खोलीत २५ मुलं म्हणजे प्रत्येकी २० चौरस फूट, जपानच्या निकषापेक्षा किंचित जास्त. पण त्या खोलीत बाक असतील तर निम्मी जागा गेली. मुख्याध्यापक नाही म्हणतात त्याचं कारण आडमुठेपणा नसतो. केंद्राच्या वेळात मूल पडलं, हात मोडला, तर जबाबदार कोण हे कुठेही लिहिलेलं नसतं. शिक्षणाधिकाऱ्याच्या आदेशात चार वाक्यं हवीत: केंद्राच्या वेळेत जबाबदारी कुणाची, किल्लीची दुसरी प्रत कुणाकडे, वीज-पाण्याचं बिल कुणी भरायचं, आणि स्वच्छतागृह त्या वेळेतही उघडं आणि धुतलेलं ठेवायचं काम कुणाचं. शेवटचं वाक्य राहून गेलं तर पाचवीच्या पुढच्या मुली येणार नाहीत.

मुली गळण्याचं आणखी एक कारण नळाचं वेळापत्रक. वस्तीत पाणी चारला येत असेल तर अकरा वर्षांची मुलगी पावणेचारला उठणारच. पहिल्या पालकसभेत पाण्याची वेळ विचारावी आणि केंद्राची वेळ तिच्याभोवती बसवावी. पालकसभा रविवारी संध्याकाळी. दुपारी चारला ठेवलेल्या सभेला घरकाम करणाऱ्या बायका येत नाहीत आणि मग अहवालात ‘पालक उदासीन’ असं लिहिलं जातं. धाकट्या भावंडाला दारातून परत पाठवलं तर मोठी बहीणही परत जाते, म्हणून एका कोपऱ्यात चटई आणि ठोकळे ठेवून त्याला आत घ्यावं, किंवा अंगणवाडीची वेळ जुळवून घ्यावी.

सोपवण्याची शिस्त कडक हवी. प्रत्येक मुलामागे न्यायला येणाऱ्या दोन माणसांची नावं आणि फोन नंबर, तिसऱ्या माणसाकडे मूल द्यायचं नाही, मग तो काका म्हणवत असो. दहा वर्षांपुढचं मूल एकटं जाणार असेल तर आईची लेखी परवानगी. नेमणुकीआधी पोलीस पडताळणी, मुलांसोबत कोणतीही प्रौढ व्यक्ती बंद दाराआड एकटी नाही, आणि १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक मुलांच्या उंचीवर भिंतीवर रंगवलेला.

पैशाचा हिशोब एका गटाचा मांडून बघू. २२० दिवस, २५ मुलं. खाऊ मुलामागे रोज १५ रुपये, वर्षाचे ८२,५००. अर्धवेळ ताईला महिना १२,००० आणि सहायिकेला ८,०००, दोघींचे मिळून वर्षाला २,४०,०००. पुस्तकं आणि साहित्य २५,०००. प्रशिक्षण आणि किरकोळ १५,०००. एकूण ३,६२,५००. मुलामागे वर्षाला १४,५००, दिवसाला ६६ रुपये. आकडे शहराप्रमाणे बदलतील आणि मानधन किमान वेतनाच्या हिशोबाखाली जाता कामा नये. यातला दोन तृतीयांश खर्च माणसांवर आहे आणि तो तसाच असला पाहिजे. निविदा निघाली की नेमकं हेच उलटतं. सर्वांत कमी दराची बोली लावणारा ताईचं मानधन अर्ध्यावर आणतो, सहायिका गाळतो आणि उरलेल्या पैशात एक प्रोजेक्टर आणतो, कारण प्रोजेक्टरचा फोटो निघतो. ताई चार महिन्यांत सोडून जाते, नवी येते, आणि मुलांची पातळी पुन्हा पहिल्यापासून तपासली जाते. निविदेत मानधन हा बोलीचा भागच नसावा. तो ठरलेला असावा, बोली फक्त बाकीच्यावर.

दोन माणसं कशाला, एक पुरेल, असा आक्षेप येतो. एका ताईनं २५ मुलं सांभाळताना एकाला उलटी झाली किंवा कुणाची आई दारात येऊन उभी राहिली की उरलेली २४ मुलं वाऱ्यावर. मग ती सगळ्यांना हाताची घडी घालून बसवते. हाताची घडी हे बहुधा कमी मनुष्यबळाचं लक्षण असतं, शिस्तीचं नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पालकांना शिकवणीच हवी असते. शेजारच्या गल्लीत महिना पाचशेत सगळे विषय घेणारा क्लास आहे, तिथे मूल निदान इंग्रजीची उत्तरं पाठ करून येतं. केंद्रात ते काड्या मोजतं आणि मटकी खातं. या आक्षेपाला भावनिक उत्तर देऊन चालत नाही. दर आठ आठवड्यांनी आईला समोर बसवून मूल काय वाचू शकत होतं आणि आता काय वाचतं ते त्याच्याकडूनच मोठ्यानं ऐकवावं. ‘आई, मी वाचू?’ म्हणत पोरानं अख्खं पान वाचून दाखवलं की प्रगतिपुस्तकाची फारशी गरज पडत नाही. आणि ज्या मुलाची पातळी दोन फेऱ्यांत हललेली नसेल त्याची आई प्रश्न विचारेल, तिला तो अधिकार आहे. केंद्राचं मोजमापही तेवढंच ठेवावं: तिसऱ्या महिन्यातली हजेरी, वाचनपातळीतला फरक, घरी नेलेल्या पुस्तकांची संख्या, आणि अकरा वर्षांपुढच्या किती मुली अजून येतात. घटक चाचणीचे गुण यात आणले की दोन आठवड्यांत केंद्राचा क्लास होतो.

वेळापत्रक जूनपासून मागे मोजत यावं. महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. त्यात स्वतंत्र लेखाशीर्ष नसेल तर वर्षभर ‘इतर उपक्रम’मधून पैसे मागत बसावं लागतं. इमारतीचा आदेश एप्रिलअखेर, निवड मेमध्ये, वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या बायकांना प्राधान्य देऊन. जूनच्या सुरुवातीला दहा दिवसांचं प्रशिक्षण, त्यातले निदान चार दिवस प्रत्यक्ष मुलांबरोबर. शाळा मध्य जूनला उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. केंद्र त्याच दिवशी सुरू करू नये. पहिले दोन आठवडे प्रवेश, गणवेश, तुकड्यांची अदलाबदल यात जातात, आणि त्या काळात केलेली वाचनचाचणी ज्या मुलांवर होते त्यातली चौथाई मुलं पुढे त्या सत्रात नसतातच. जुलैच्या पहिल्या सोमवारी दार उघडावं, आणि त्याआधीच्या रविवारी दुसरी किल्ली ताईच्या हातात पडली आहे का तेवढं बघावं.